साहेबांची उजवी बाजू

शहर जिथे संपतं तिथे टायरचं एक मोठं गोदाम आहे, आणि गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून घोडेस्वारीची एक शाळा. पत्र्याच्या छपराखाली लांबलचक पागा, पुढे वाळूचं रिंगण, त्याला रंग उडालेलं लाकडी कुंपण, आणि कोपऱ्यात ऑफिसची खोली, जिच्यात कागदांपेक्षा खोगिरंच जास्त. या शाळेत मास्तरांनी अख्खी हयात काढली. नाव त्यांना होतं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणाला लागत नसे. मालकीणबाईंपासून दाणावाल्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

माणूस ठेंगणा, पाय जरा कमानदार, आणि बोलणं बेताचं. मास्तर दिवसभरात जेवढे शब्द वापरत तेवढे त्यांची बायको सकाळी दूधवाल्यावरच खर्च करून टाकी. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचे वडील बर्फाची गाडी हाकायचे. बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान लवकरच घालवले होते, त्यामुळे घरात सगळा कारभार हातवाऱ्यांनी चाले. पाणी हवं तर पेला दाखवायचा, राग आला तर पाठ फिरवायची. गाडीला एक म्हातारी घोडी होती आणि तिच्याशीही वडील असेच बोलत, हातानं आणि बुडाखालच्या फळीवर जरा इकडे-तिकडे सरकून. मास्तर लहानपणी त्याच फळीवर बसून वाढले. घोड्याला आणि माणसाला सांगायचं ते अंगानं सांगायचं, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं.

त्यामुळे शिकवण्याची त्यांची रीतही ठरलेली होती. शिकणाऱ्याचं चुकलं की ते रिंगणात येत, म्हणत, "उतर." मग स्वतः चढत. आत्तापर्यंत अडून बसलेला घोडा दोन फेऱ्यांत लोण्यासारखा मऊ होई. मग उतरून ते लगाम त्या माणसाच्या हातात देत आणि म्हणत, "असं."

कसं, ते कुणालाच कळत नसे. पण बघायला फार सुंदर असे, म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत.

एकच विद्यार्थिनी पुन्हा आली नाही, ती त्यांची स्वतःची मुलगी. एकुलती एक. तिला ते चिंगी म्हणत आणि ती चालायला लागायच्या आधीच तिला त्यांनी खोगिरावर बसवलं होतं. पोरगी घोड्यावर चांगली होती. कॉलेजात असताना एकदा शाळेत स्पर्धा होती, बाहेरून लोक आले होते, कुंपणाला माणसं खेटून उभी होती. सरावाच्या वेळी चिंगीचा घोडा एका वळणावर बिघडला. मास्तर सवयीनं रिंगणात गेले, म्हणाले, "उतर." तिच्या मैत्रिणींसमोर, सगळ्यांसमोर ती उतरली. ते चढले, घोडा नीट केला आणि लगाम तिच्यापुढे धरून म्हणाले, "असं." चिंगीनं लगाम घेतले, घोडा पागेत नेऊन बांधला, टोपी खुंटीला अडकवली आणि बसनं घरी निघून गेली.

भांडण काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिला अभ्यास होता, पुढच्या आठवड्यात परीक्षा, मग नोकरी, मग लग्न. ती आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. येणं-जाणं होतं, बोलणं-चालणं होतं, नातू आजोबांकडे हक्कानं पैसे मागायचा. फक्त घोड्याचा विषय निघाला की ती उठून चहा टाकायला जायची. मास्तरांची समजूत अशी, की पोरीची आवड गेली. आवडी जातात माणसांच्या.

त्यांच्या उजव्या खुब्याचं दुखणं जुनं होतं. कित्येक वर्षं ते घोड्यावरून उतरल्यावर पहिली काही पावलं कुंपण धरून टाकायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर कुंपण तपासतायत. शेवटी चालणंच मुश्कील झालं तेव्हा डॉक्टरांनी खुबा बदलायचा निर्णय घेतला. नेमका त्याच सुमारास शाळेत साहेब आला.

साहेब म्हणजे घोडा. शर्यतीतून निवृत्त होऊन आलेला, तांबूस रंगाचा, देखणा, शांत डोळ्यांचा. चावणं नाही, लाथ नाही. मालकीणबाईंनी तो मोठ्या वयाच्या शिकाऊ माणसांसाठी घेतला होता. पण हा ज्या मैदानावर पळत असे तिथलं वळण नेहमी डावीकडे, आणि सगळी कमाईची वर्षं त्यानं तसंच वळण घेतलेलं. डावीकडे न्या, चंद्रकोरीसारखा वाकायचा. उजवीकडे म्हटलं की अंगाचा ओंडका. तोंड बाहेर, खांदा आत, मागचे पाय भलतीकडे, आणि सगळं वजन उजव्या लगामावर टाकून तो दारातून कपाट न्यावं तसा वळायचा. साहेब हे नाव पागेतल्या लोकांनी ठेवलं, कारण उजव्या बाजूनं कुणी काही मागितलं की साहेबांना ऐकूच येत नसे.

मास्तर ऑपरेशनला गेल्यावर धाकट्या मास्तरांनी त्याच्यावर हात चालवून पाहिला. धाकटे मास्तर म्हणजे तिशीतला उमदा माणूस, मुलांचे वर्ग उत्तम घ्यायचा, पण त्याला सवड नव्हती. त्यानं उजवा लगाम आखडून पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या तंगाच्या पट्ट्याला बांधला आणि घोड्याला तसाच फिरवला. साहेबानं मान तेवढी दुमडली. मानेपासून शेपटीपर्यंतचं धड होतं तसंच सरळ राहिलं. चार-आठ दिवसांनी मान दुखायला लागली तसा तो खरारा करतानाही अंग चोरू लागला.

"शिकाऊ माणसांना असा घोडा कसा देऊ मी?" मालकीणबाई मास्तरांच्या समाचाराला आल्या तेव्हा म्हणाल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या, पण शाळा त्यांना चालवायची होती. "उन्हाळा संपेपर्यंत बघू. नाहीतर डोंगरावर पर्यटकांना फिरवणारा एकजण घोडे शोधतोय. तिथे काय, सरळच चालायचं असतं."

मास्तरांनी नुसती मान हलवली. डोंगरावरची ती दगडी वाट त्यांना माहीत होती. तिथल्या घोड्यांचे गुडघेही त्यांनी पाहिले होते.

त्यांना काठी घेऊन हिंडायची परवानगी मिळाली, पण घोड्यावर चढायची नाही. "निदान या वर्षी तरी नाव काढू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढचं पुढच्या वर्षी बघू." घरी आल्यावर मास्तर खिडकीपाशी बसून राहू लागले. मांडीवर दोन्ही हात मुठी वळून ठेवलेले, आणि मुठी मधूनच हलायच्या, एक जरा पुढे, एक जरा आत. बायकोनं दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेल्यावर मुलीला फोन लावला.

"तुझे बाबा खुर्चीवर बसून तो घोडा वळवतायत," ती म्हणाली. "खुर्ची काही वळत नाहीये. तू ये."

"मी काय करू येऊन?"

"तू बस त्याच्यावर. ते सांगतील."

"ते सांगतील?" चिंगी हसली. "आई, ते कधी काही सांगतात का?"

"आता त्यांच्याकडे दुसरा इलाजच नाही," आई म्हणाली. "चढता येत नाही ना."

रविवारी चिंगी आली. बूट मैत्रिणीचे मागून आणलेले, केसांत एक-दोन पांढरे, आणि चेहऱ्यावर दाढ काढायला आल्यासारखा भाव. मास्तरांनी तिला पागेच्या दारात पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कुणाचं कारस्थान आहे ते त्यांना कळलं. रिंगणाच्या मधोमध त्यांच्यासाठी लोखंडी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर जाऊन बसले.

पहिला दिवस वाईट गेला. इतक्या वर्षांनी घोड्यावर बसलेल्या चिंगीच्या मांड्या थरथरत होत्या. डावीकडे साहेब झकास चालला. उजवीकडे वळवला मात्र, आणि ओंडका सुरू झाला.

"आत घे," मास्तर म्हणाले. "आत. तसं नाही. तसं नाही."

तिनं जोर लावला. साहेबानंही लावला, आणि त्याच्याकडे जोर जास्त होता.

"तसं नाही!"

चिंगीनं घोडा त्यांच्या खुर्चीसमोर आणून थांबवला. "बाबा, तसं नाही म्हणजे कसं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. हात पुढे केले, मुठी वळल्या, एक जरा पुढे, एक जरा आत. कमरेतून वळायला गेले आणि खुब्यातून कळ आली. "असं," ते म्हणाले.

"मला नाही कळत असं," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हाही नव्हतं कळलं."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तर काठी टेकत उठले आणि घोड्याच्या लगामाला हात घातला. त्यांचा दुसरा हात आपोआप खोगिराकडे गेला.

"चढा," चिंगी वरून म्हणाली. "चढा आणि हाड मोडून घ्या. मी आईला सांगून घरी जाते."

त्यांनी हात काढला. पण ती गेल्यावर त्यांच्या डोक्यातून ते जाईना. मंगळवारी दुपारी पागा सामसूम असताना त्यांनी साहेबाला खोगीर घातलं, चढायच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यापाशी नेलं, वर उभे राहिले, डावा पाय रिकिबीत टाकला, आणि उजवा पाय उचलेना. दुखत नव्हता. नुसता उचलत नव्हता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. डावा पाय आता रिकिबीतून निघेना, कारण वजन टाकायला उजव्यावर भरवसा नाही. मास्तर एक पाय घोड्यावर, एक पाय ठोकळ्यावर असे अडकून पडले. शर्यतीचा घोडा, एक पाऊल पुढे टाकता तर मास्तर जमिनीवर असते. साहेब हलला नाही. त्यानं फक्त एक कान मागे केला आणि वाट पाहत राहिला.

डबा घेऊन आलेल्या बायकोनं हे दृश्य पाहिलं. ती धावली नाही, ओरडली नाही. डबा खाली ठेवून जवळ गेली आणि त्यांना काखेखालून धरलं.

"धरलंय मी," ती म्हणाली. "काढा पाय."

पाय निघाला. दोघं ठोकळ्याच्या पायरीवर शेजारी बसली. तिनं डबा उघडला, उकडलेलं अंडं सोलून त्यांच्या हातात दिलं.

"चिंगीला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

"नाही सांगत. पण उद्या माझ्याबरोबर तिच्या दुकानात चला. तुम्हाला पेपर वाचताना हात आखूड पडायला लागलाय."

दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे काचेच्या कपाटांत चौकटी मांडलेल्या, मागे पडदा लावून अंधारी केलेली तपासणीची खोली. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, म्हणून मास्तरांना बाहेरच्या बाकावर थांबावं लागलं. पडदा अर्धा उघडा होता. गृहस्थ तिरसट होते. नाकावर जड यंत्र, भिंतीवर अक्षरं, आणि प्रत्येक उत्तराआधी एक तक्रार.

"हे बरं दिसतंय," चिंगीचा आवाज आला, "की हे?"

"दोन्ही सारखंच. तुमचं यंत्र बिघडलंय."

"असेल. परत दाखवते. घाई नाही. हे? की हे?"

"...पहिलं जरा."

"छान. आता यातलं कुठलं?"

ती भिंग बदलायची, प्रश्न विचारायची आणि थांबायची. थांबायची म्हणजे खरंच थांबायची. मध्ये बोलायची नाही, सुचवायची नाही, सुस्कारा टाकायची नाही. गृहस्थांचं उत्तर आलं की एक पाऊल पुढे. चुकलंय असं वाटलं तर एक मागे. हळूहळू गृहस्थांच्या तक्रारी आटल्या. शेवटी ते अगदी खालची बारीक ओळ घडाघडा वाचू लागले, आणि आपणच काहीतरी पराक्रम केल्यासारखे बाहेर आले.

"पुढचे," चिंगीनं हाक मारली आणि बापाला पाहून जरा थबकली. "बाबा? या. इथे हनुवटी टेका."

मास्तरांनी हनुवटी टेकली. अंधारात तिचा आवाज कानाजवळून आला, तोच, दुकानातला. "हे बरं की हे?" त्यांना जन्मात कुणी इतक्या वेळा विचारलं नसेल, की तुम्हाला काय वाटतं. त्यांनी प्रत्येक वेळी नीट विचार करून उत्तर दिलं. चष्मा लागला तो लागलाच. पण घरी येताना बसमध्ये ते बायकोला म्हणाले, "पोरगी कामात चांगली आहे."

"मला काय सांगता?" बायको म्हणाली. "तिला सांगा."

ते तिला सांगणं काही त्यांना जमलं नाही. पण रविवारी ती उजवीकडच्या फेऱ्या घालू लागली तेव्हा ते "तसं नाही" म्हणाले नाहीत. दोन फेऱ्या होऊ दिल्या, मग तिला थांबवलं आणि विचारलं, "तुला हातात काय लागतंय?"

चिंगीनं चमकून पाहिलं. "काय?"

"हातात. उजव्या हातात काय लागतंय, डाव्यात काय?"

ती विचार करू लागली. मास्तर थांबले. त्यांना ते अवघड गेलं, काठीवर बोटं वाजत होती, पण थांबले.

"उजव्या हातात दगड," ती म्हणाली. "सगळा घोडाच उजव्या हातात आहे. डाव्यात काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"लगाम लोंबतोय. म्हणून मी तो आवरून घट्ट धरलाय."

मास्तरांनी डोळे मिटले. मुठी मांडीवर आल्या. असा घोडा त्यांनी आयुष्यात कितीतरी वेळा नीट केला होता, पण आपण नेमकं काय करतो हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उजवी मूठ जरा आत आली आणि लगेच उघडली. डावी मात्र पुढे गेली. ती नेहमीच पुढे जात होती. त्यांनी डोळे उघडले.

"तो उजवीकडे वळत नाही," ते सावकाश म्हणाले, जणू एकेक शब्द विहिरीतून काढत होते, "कारण त्याला डावीकडे लांब होता येत नाही. वर्षानुवर्षं डावीकडे वाकून ती बाजू आखडलीय. उजवीकडे वाकायचं तर डावी बाजू ताणली जायला हवी. आणि तू तीच धरून ठेवलीस. त्याला जागाच नाही."

चिंगी ऐकत राहिली. बापाच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं तिनं कधी ऐकली नव्हती.

"मग काय करू?"

"उजव्या हातानं ओढू नकोस. टेकायला दिलंस की तो टेकणार. विचार आणि सोड. विचार आणि सोड. उजवी पोटरी तंगापाशी लाव, बरगड्यांना म्हण, जरा सरका. आणि डावा हात..." ते अडकले. पुन्हा मुठीकडे पाहिलं. "डावा हात त्याच्या तोंडाबरोबर पुढे जाऊ दे. टाकून नको देऊस. तो मान लांब करून तुझा हात शोधत येईल. आला की तू तिथे अस."

ती निघाली. पहिली फेरी ओंडक्याचीच. दुसरीत डावा हात पुढे जाताना तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, कारण हातातलं सोडायचं म्हणजे घोडा कुठेही जाईल असं वाटतं. तिसऱ्या फेरीत, कुंपणाच्या दारासमोरून पुढे गेल्यावर, साहेबानं मान जरा खाली घेतली. डावीकडून ती लांब होऊ लागली. त्यानं नाकातून मोठा फुर्रर्र आवाज काढला, आणि पाव वर्तुळभर, फार तर तेवढंच, त्याचं सगळं अंग उजवीकडे वाकलं. उजव्या डोळ्याची पापणी तेवढी वरून दिसत होती. मागचा पाय पुढच्याच्या पावलात पडत होता.

"बाबा," ती कुजबुजली, "डाव्या हातात काहीतरी आलं."

"उतर," मास्तर म्हणाले.

चिंगीचे खांदे ताठ झाले. तिनं घोडा थांबवला, रिकिबीतून पाय काढले आणि उतरली. मास्तर काठी टेकत आले. त्यांनी लगाम हातात घेतला, खोगिराकडे पाहिलंही नाही, वाकून तंग ढिला केला.

"आजचं झालं," ते म्हणाले. "त्याला कळलं. आता जास्त केलं तर दुखेल आणि उद्या तो देणार नाही. तू चांगलं केलंस."

ती तोंड फिरवून साहेबाची आयाळ सारखी करत राहिली. आयाळ चांगली सारखीच होती.

त्यानंतर काही सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्याच रविवारी साहेब पुन्हा ओंडका होऊन आला आणि आधी अंग मोकळं व्हायला हवं, हे दोघांनाही नव्यानं लक्षात घ्यावं लागलं. मग चिंगी आठवड्यात मध्येही येऊ लागली, दुकान सुटल्यावर. आधी लांब लगामावर नुसतं चालणं. मग मोठं वर्तुळ, ते हळूहळू लहान करत न्यायचं आणि उजव्या पोटरीनं घोड्याला पुन्हा बाहेर ढकलत मोठं करायचं. मग नागमोडी, डावीकडून उजवीकडे, अशी की साहेबांना आपण बाजू कधी बदलली ते कळूच नये. ताठरला की त्याच्याशी भांडत बसायचं नाही, सोप्या डाव्या बाजूला एक फेरी द्यायची आणि परत विचारायचं. मास्तर इतर दिवशी पागेत त्याला गाजर दाखवत मान बरगडीपर्यंत वळवायला लावायचे, रोज उजवीकडे थोडं जास्त. त्यांना स्वतःलाही डॉक्टरांनी पायाचे व्यायाम दिले होते. ते करायला कंटाळायचे. बायको म्हणायची, "एक गाजर तुम्हालाही आणू का?"

एका संध्याकाळी पागेत खरारा करताना, घोड्याच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मास्तर, चिंगी म्हणाली, "स्पर्धेच्या दिवशी तुम्ही मला उतरवलंत, आठवतं?"

मास्तरांचा हात थांबला. खरं तर त्यांना आठवत नव्हतं. ते आठवू लागले आणि मग आठवलं, कुंपणाला खेटलेली माणसं, आणि पोरीच्या डोक्यावरची टोपी.

"म्हणून येईनाशी झालीस?"

"हो."

"मला वाटलं, तुझी आवड गेली," मास्तर म्हणाले.

"आवड नव्हती गेली."

"मला सांगता येत नव्हतं गं. करून दाखवता यायचं, म्हणून दाखवायचो."

"माहितीये," ती म्हणाली. "आता माहितीये." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्याची ही बाजू झाली, तुमची?"

"होतेय."

उन्हाळ्याच्या शेवटी मालकीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. चिंगीनं दुडक्या चालीत उजवीकडे मोठं वर्तुळ घातलं, मग लहान, मग पुन्हा मोठं. एका जागी साहेब जरा ताठरला. ती घाबरली नाही, डावा हात पुढे केला, तो सैलावला. मालकीणबाईंनी धाकट्या मास्तरांना बोलावून बसवून पाहिलं. त्यांच्या हाताखाली तो इतका मऊ नव्हता, पण वळत होता. डोंगरावरचा विषय मालकीणबाईंनी पुन्हा काढला नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त साहेबाच्या ठाणात जास्तीचा पेंढा टाकला.

मास्तर पुढे घोड्यावर चढले नाहीत. डॉक्टरांनी पुढल्या वर्षी सावकाश चालीपुरती परवानगी दिली तेव्हाही ते म्हणाले, "बघू." खुर्ची मात्र रिंगणात कायमची राहिली. मोठ्या वयाच्या शिकणाऱ्यांचा वर्ग ते तिच्यावर बसून घेत. बँकेतून निवृत्त झालेले एक जाडे गृहस्थ होते, साहेब त्यांच्या वाट्याला आलेला. ते सगळ्यांना सांगत, की मास्तर फार प्रश्न विचारतात, डोकं दुखतं. चिंगी कधी यायची, कधी दुकानामुळे यायची नाही. न आलेल्या रविवारी मास्तर जरा गप्प असत, पण पूर्वीइतके नाही.

मग एका सकाळी, वर्ग संपल्यावर, मास्तरांची बायको डबा घेऊन कुंपणाशी उभी होती. चिंगीही होती. साहेब खोगिरासकट उन्हात उभा होता, डोळे अर्धवट मिटून.

"मला बसवा," बायको म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती या पागेत डबा आणत होती. तिनं कधी घोड्याच्या पाठीला हात लावला नव्हता.

"आई, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर एवढी वर्षं मागितलं नाही."

चिंगीनं तिला ठोकळ्यावर चढवलं. रिकीब सापडेना, मग सापडली. बसताना खोगीर दोन्ही हातांनी धरलेलं, चपला खाली वाळूत पडलेल्या. मास्तरांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली आणि पट्टा हनुवटीखाली लावला. मुलीनं साहेबाच्या तोंडाशी धरलं आणि ते निघाले, मुंगीच्या पावलांनी.

मास्तर खुर्चीकडे गेले नाहीत. काठी टेकत घोड्याच्या बाजूनं चालत राहिले.

"कुठे बघू?" बायकोनं विचारलं.

"जिकडे जायचं तिकडे."

ती उजवीकडे बघू लागली. तिच्याबरोबर तिचे खांदे वळले, आणि साहेब, कुणी काही न सांगता, हळूच उजवीकडे वळू लागला.

"अहो, हा वळतोय," ती म्हणाली. "मी काही केलं नाही हं."

"केलंस की," मास्तर म्हणाले आणि तिनं काय केलं ते तिला सांगायला लागले. चिंगी पुढे चालत होती आणि मागून त्यांचा आवाज येत होता, खांद्याबद्दल, मग कमरेबद्दल, मग श्वासाबद्दल. फेरी संपली तरी सांगणं संपलं नव्हतं.

"बरं बरं," वरून आवाज आला. "आता जरा गप्प बसा. मला इथून गोदामापलीकडचा रस्ता दिसतोय, तो बघू द्या."